जुन्या ग्राहकांचे ६४० पत्ते हाताशी आहेत, ईमेलची सुरुवात कुठून करू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: छोटं ऑनलाइन दुकान आहे, ऑर्डरच्या निमित्ताने जमलेले ६४० ग्राहकांचे ईमेल पत्ते एका शीटमध्ये पडून आहेत. शिवाय कोणीतरी ‘तुमच्याच क्षेत्रातल्या’ पाच हजार पत्त्यांची यादी स्वस्तात देऊ करतंय. तर कोणती सेवा घ्यावी, सवलतीचा पॉप-अप लावावा का आणि पहिला मेल कधी सोडावा?

सेवा निवडणं हा यातला सगळ्यात सोपा भाग, म्हणून तो शेवटाकडे ढकलतो. खरी अडचण त्या शीटमध्ये आहे. त्या लोकांनी पत्ता दिला तो पार्सल कुठवर आलं हे कळावं म्हणून. ‘नवीन माल आला की मला कळवा’ असं त्यातल्या कोणी म्हटलं होतं? म्हटलं असेल तर कधी, कुठल्या पानावर, कोणत्या शब्दांना हो म्हणून? शीट बघून हे सांगता येत नसेल तर तुमच्याकडे आहे ती ऑर्डरची वही. मेलिंगची यादी अजून बनायची आहे. ऑप्ट-इनचा अर्थ तेवढाच: माणसाने कशाला हो म्हणतोय ते कळून स्वतः हो म्हटलेलं असावं आणि ते तुम्हाला नंतर दाखवता यावं.

विकतच्या यादीचा विषय आधी संपवू. घेऊ नका. कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी हिशेब बसत नाही. अशा याद्यांत बंद पडलेले पत्ते ढिगाने असतात आणि त्यांत स्पॅम ट्रॅप, म्हणजे स्पॅम पाठवणाऱ्याला पकडायचे सापळे, दडलेले असतात. ट्रॅप दोन जातीचे. काही पत्ते कधीच कोणी वापरलेले नसतात, फक्त वेबपानांवरून पत्ते गोळा करणाऱ्यांना पकडायला पेरलेले असतात. काही एकेकाळी खऱ्या माणसांचे होते, मग बंद झाले आणि मेल कंपनीने किंवा स्पॅम पाठवणाऱ्यांच्या काळ्या याद्या ठेवणाऱ्या स्पॅमहाउससारख्या संस्थेने ते पुन्हा जागे करून टेहळणीला बसवले. पहिल्या जातीच्या ट्रॅपला तुमचा मेल गेला तर त्याला सबब चालत नाही, कारण त्या पत्त्याने कोणालाही हो म्हटलेलं असणं शक्यच नाही. बहुतेक ईमेल सेवांच्या अटींतच विकतच्या याद्यांना मनाई असते, त्यामुळे पहिल्याच फेरीत खातं गोठू शकतं. आणि खातं नवीन काढता येईल, पण डोमेनची, म्हणजे तुमच्या वेबपत्त्याची, पत गेली की तुमच्या ऑर्डरच्या पावत्याही स्पॅममध्ये जायला लागतात.

आता तुमचे ६४० ग्राहक. इथे सरसकट उत्तर नाही, कारण नियम बघायचा तो पाठवणाऱ्याच्या गावचा एकटाच नाही. मेल जिथे पोचतो तिथलाही बघावा लागतो. अमेरिकेचा २००३ चा कॅन-स्पॅम कायदा आधी परवानगी मागायला सांगत नाही, पण दिशाभूल करणारी विषयओळ चालत नाही, मेलमध्ये टपालाचा पत्ता लागतो आणि कोणी नको म्हटलं की कामाच्या १० दिवसांत त्याला थांबवावं लागतं. कॅनडाचा २०१४ पासून लागू झालेला कायदा आधी संमती मागतो. खरेदी केलेल्या ग्राहकाची संमती दोन वर्षांपुरती गृहीत धरता येते, नुसती चौकशी केलेल्याची सहा महिने. युरोपात २००२ च्या निर्देशानुसार स्वतःच्या ग्राहकाला त्याच प्रकारच्या तुमच्याच मालाबद्दल लिहिता येतं, मात्र पत्ता घेताना नको म्हणायची सोय दिलेली असली पाहिजे आणि नंतर प्रत्येक मेलमध्येही. त्यावर २५ मे २०१८ पासून जीडीपीआर हा युरोपचा माहिती-संरक्षण कायदा आला: संमती सिद्ध करायची जबाबदारी तुमची, आणि आधीच टिक लावून ठेवलेली चौकट म्हणजे संमती नव्हे. ग्राहक चार देशांत विखुरलेले असतील तर मी सगळ्यांत कडक नियम धरून एकच पद्धत ठेवतो. देशागणिक चार पद्धती सांभाळणं छोट्या दुकानाला झेपत नाही.

अनेकांना इथे एक पळवाट सुचते: ‘मग सगळ्यांना एकदाच मेल करून परवानगीच मागतो की!’ हीच गोष्ट अंगाशी येते. परवानगी मागणारा मेलसुद्धा मार्केटिंगचाच मेल धरला जातो. २०१७ मध्ये ब्रिटनच्या माहिती आयुक्त कार्यालयाने नेमक्या याच कारणासाठी फ्लायबी या विमान कंपनीला ७०,००० पौंड आणि होंडाच्या युरोपीय शाखेला १३,००० पौंड दंड केला होता. फ्लायबीने तर ज्यांनी आधी नको सांगितलं होतं त्यांनाच ‘तुमचे तपशील बरोबर आहेत का?’ असं लिहिलं होतं.

म्हणून शीटची दोन भागांत वाटणी करा. ज्या काळात तुमच्या चेकआउटवर ‘हवं / नको’ असा पर्याय होता आणि ग्राहकाने काय निवडलं ते नोंदलं गेलं, त्या काळातले हो म्हणणारे पत्ते एका बाजूला. बाकीचे यादीत घालू नका. त्यातला जो पुन्हा खरेदीला येईल त्याला चेकआउटवर आणि ‘ऑर्डर मिळाली, आभारी आहोत’ या पानावर विचारा. ६४० पैकी ९० च उरले तरी हरकत नाही. त्या ९० मध्येही सहा महिन्यांच्या आतले आधी घ्या, कारण वर्षभरापूर्वी हो म्हणून विसरलेला माणूस स्पॅमचं बटण दाबायला मोकळा असतो.

फॉर्मकडे वळू. फॉर्म म्हणजे तुम्ही दिलेला शब्द, असं समजून तो लिहा. कोण पाठवणार, काय पाठवणार, कितीदा पाठवणार, या तिन्ही गोष्टी बटणाच्या वर दिसल्या पाहिजेत. ‘आमच्याशी जोडून राहा’ या वाक्यातून काहीच कळत नाही. त्याऐवजी असं लिहा: ‘महिन्यातून दोनदा एक मेल: नवीन आलेला माल आणि तो वापरायच्या युक्त्या. नको वाटलं की एका क्लिकमध्ये बंद.’ पुढे महिन्यातून आठ मेल पाठवायचा मोह झाला तर हे वाक्य आठवा. लोकांनी दोनाला हो म्हटलं आहे.

रकाना एकच ठेवा, ईमेलचा. नाव, फोन, जन्मतारीख असं प्रत्येक वाढीव रकान्याला काही लोक गळतात. नाव विचारलंत तर ते वापरायची वेळ येते, आणि कोणी रकान्यात नुसतं ‘अ’ लिहून गेलेलं असतं. मग ‘प्रिय अ’ अशी सुरुवात होते. चेकआउटवरची चौकट रिकामी असावी आणि ‘अटी मान्य’ या चौकटीपासून वेगळी. दोन्ही एकत्र बांधल्या की संमती मोकळेपणाने दिली असं म्हणता येत नाही.

सवलतीच्या पॉप-अपने पत्ते भराभर जमतात, हे खरं. पण जमतात ते सवलतीला. कोड मिळेपर्यंत पुरेल असा टाकाऊ पत्ता देणारे त्यात बरेच असतात, आणि जे राहतात त्यांना पुढच्या सवलतीपर्यंत थांबायची सवय लागते. ज्या मालात नफ्याची फट मोठी आहे आणि माणूस पुन्हा पुन्हा घेतो तिथे हे परवडतं. एकदाच घेण्याची वस्तू असेल तर मी ते टाळतो आणि निवड करायला मदत होईल असं काही देतो: मापाचा तक्ता, दोन मॉडेलांमधला फरक सांगणारं पान, देखभालीची दोन पानी माहिती. सवलत द्यायचीच असेल तर कोड पडद्यावर दाखवू नका. पत्ता पक्का झाल्यानंतरच्या मेलमध्ये पाठवा. एवढ्याने निम्मे खोटे पत्ते आपोआप गळतील असा दावा करत नाही, पण पत्ता खरा देण्याचं कारण तरी समोरच्याला मिळतं.

पॉप-अप पान उघडताक्षणी तोंडावर मारू नका. माणसाने अजून माल बघितलेला नसतो, आणि मोबाइलवर मजकूर झाकणाऱ्या अशा पडद्यांना गुगल जानेवारी २०१७ पासून शोधनिकालांत नापसंतीने बघतं. दुसरं पान उघडल्यावर किंवा अर्धं पान खाली सरकवल्यावर दाखवा. एकदा बंद केला की त्याच माणसाला महिनाभर नको.

एक सूचना ‘माल परत आला की कळवा’ या बटणाबद्दल. ते फार उपयोगी आहे, पण त्यातून मिळालेली संमती त्या एका वस्तूपुरती असते. तो पत्ता गुपचूप मुख्य यादीत ढकलला तर तक्रार तिथूनच येते.

आता सिंगल की डबल ऑप्ट-इन. सिंगलमध्ये पत्ता टाकला की नाव यादीत. डबलमध्ये आधी खात्री करणारा मेल जातो आणि त्यातल्या दुव्यावरून होकार पक्का केल्यावरच नाव चढतं. डबलमध्ये काही खरे लोकही गळतात. मेल स्पॅममध्ये जातो, नाहीतर ‘नंतर बघू’ म्हणून राहून जातो. म्हणून पुष्कळ जण सिंगलचा आग्रह धरतात. वेबसाइटवरच्या उघड्या फॉर्मसाठी माझं मत डबलच्या बाजूने आहे. जीमेल लिहिताना अक्षरं उलटसुलट झालेले पत्ते, दुसऱ्याच्या नावाने गंमत म्हणून टाकलेले पत्ते आणि बॉटने, म्हणजे आपोआप फॉर्म भरत सुटणाऱ्या प्रोग्रामने, भरलेले फॉर्म, हे तिन्ही तिथेच अडतात. बॉटचं प्रकरण किरकोळ नाही. २०१६ मध्ये हजारो साइटींचे असे उघडे फॉर्म वापरून ठरावीक लोकांच्या इनबॉक्सवर मेलचा मारा केला गेला, आणि ज्यांच्या फॉर्मवरून तो झाला ते पाठवणारे काळ्या यादीत गेले. त्यांचा गुन्हा एवढाच की फॉर्मला कडी नव्हती.

चेकआउटची गोष्ट वेगळी. तिथे माणूस पैसे देतोय, पावती त्याच पत्त्यावर जाणार आहे, त्यामुळे पत्ता बहुतेक वेळा खरा असतो. तिथे रिकामी चौकट स्वतः टिक केली असेल तर सिंगलवर भागतं. जर्मनीसारख्या ठिकाणी मात्र संमती सिद्ध करायला डबल हीच रुळलेली रीत आहे, तिथले ग्राहक असतील तर सगळीकडे डबलच ठेवा.

खात्रीचा मेल एका मिनिटाच्या आत पोचला पाहिजे, कारण माणूस तोवरच पानावर असतो. विषयओळ सरळ: ‘तुमचा पत्ता पक्का करा’ आणि पुढे दुकानाचं नाव. आत दोन वाक्यं, एक बटण, आणि ‘ही विनंती तुम्ही केली नसेल तर काहीच करू नका’ ही ओळ. जाहिरात, मालाचे फोटो, सवलत यांपैकी काहीही नको. अजून परवानगी मिळालेली नाही. दुवा ७२ तास चालू ठेवा, २४ तासांनी एकच आठवण, मग पत्ता पुसून टाका.

इथे एक बारकी खोच आहे. अनेक कंपन्यांच्या मेल सुरक्षा यंत्रणा आलेल्या मेलमधला प्रत्येक दुवा स्वतःच उघडून तपासतात. दुवा उघडताच नाव पक्कं होत असेल तर माणसाने मेल पाहिलाही नसताना यंत्राने त्याच्या वतीने होकार दिलेला असतो. उपाय सोपा: दुव्याने एक पान उघडावं आणि त्या पानावरचं बटण दाबल्यावर नोंद व्हावी. फॉर्ममध्ये माणसाला न दिसणारा एक लपवलेला रकानाही घाला. पुष्कळ बॉट तो भरतात, आणि भरलेला दिसला की अर्ज टाकून द्यायचा.

प्रत्येक होकाराबरोबर पाच गोष्टी जपा: फॉर्म भरल्याची वेळ, पक्का केल्याची वेळ, आयपी पत्ता (इंटरनेटवरचा यंत्राचा आकडी पत्ता), कोणत्या पानावरचा फॉर्म, आणि त्या दिवशी फॉर्मवर नेमका काय मजकूर होता. शेवटची गोष्ट सगळे विसरतात. मजकूर बदलला की जुना तारखेसह फाइलमध्ये ठेवा.

तांत्रिक बाजू कंटाळवाणी आहे, पण ती एकदाच करायची असते. फुकटच्या जीमेल किंवा याहू पत्त्यावरून यादीला मेल पाठवू नका. याहूने एप्रिल २०१४ मध्येच आपल्या नावाने बाहेरून येणारे मेल नाकारा असं जगाला सांगून ठेवलं, जीमेलनेही नंतर तसाच पवित्रा घेतला. स्वतःचं डोमेन हवं. पावत्या एका सबडोमेनवरून आणि बातमीपत्र दुसऱ्यावरून गेलं तर एकाचा डाग दुसऱ्याला कमी लागतो.

डोमेनच्या डीएनएसमध्ये, म्हणजे त्या डोमेनची माहिती जगाला देणाऱ्या नोंदवहीत, तीन नोंदी लागतात. एसपीएफ सांगतं की या डोमेनच्या नावाने कोणते सर्व्हर पाठवू शकतात. एका डोमेनला एसपीएफची नोंद एकच चालते. नवीन सेवेने दिलेली ओळ दुसरी नोंद म्हणून चिकटवली की दोन्ही बाद होतात, ती जुन्या ओळीतच मिसळावी लागते. शिवाय एसपीएफ तपासताना १० पेक्षा जास्त डीएनएस शोध झाले की तपासणी फसते. बंद केलेल्या जुन्या सेवांच्या ओळी तशाच राहिल्या की हा आकडा पटकन गाठला जातो. डीकेआयएम म्हणजे प्रत्येक मेलवरची डिजिटल सही. त्या सहीची किल्ली २०४८ बिटांची घ्या. ती लांब असते, आणि डीएनएसच्या मजकूर नोंदीत एका तुकड्यात २५५ अक्षरंच बसतात, त्यामुळे काही नियंत्रण पॅनेलमध्ये ती दोन तुकडे करून भरावी लागते. सही जुळत नसेल तर आधी हेच बघा. तिसरं डीमार्क: सही किंवा एसपीएफ यांपैकी निदान एक तरी ‘प्रेषक’ म्हणून दिसणाऱ्या डोमेनशी जुळलं पाहिजे, आणि जुळलं नाही तर काय करायचं, हे ते सांगतं. सुरुवातीला धोरण ‘नन’ (काहीच अडवू नका) ठेवा आणि अहवाल येण्यासाठी पत्ता द्या. दोन-चार आठवडे अहवाल बघून, तुमचे सगळे मेल पास होताहेत अशी खात्री झाल्यावर ‘क्वारंटाइन’ (न जुळलेले स्पॅममध्ये टाका) करा.

नवख्यांचा हमखास गोंधळ होतो तो त्या ‘जुळलं पाहिजे’ मध्ये. ईमेल सेवा पाठवते तेव्हा मेल परत येण्याचा पत्ता बहुधा तिच्या स्वतःच्या डोमेनचा असतो. मग एसपीएफ पास होतं, पण ते सेवेच्या डोमेनसाठी, तुमच्या नव्हे. अशा वेळी डीमार्क तुमच्या डीकेआयएमवरच तरतं. म्हणून सेवेची आयती सही न वापरता स्वतःच्या डोमेनची सही सुरू करून घ्या. तपासायला स्वतःच्या जीमेलवर एक मेल पाठवा, मेनूतून मेलचं मूळ रूप उघडा. वरच तिन्हींपुढे ‘पास’ लिहिलेलं दिसलं पाहिजे.

फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहूने मोठ्या प्रमाणावर पाठवणाऱ्यांसाठी हे सक्तीचं केलं. जीमेलच्या लेखी मोठा म्हणजे दिवसाला सुमारे ५,००० मेल जीमेलच्या पत्त्यांवर पाठवणारा. तुम्ही त्यात बसत नाही, तरी पहिल्या दिवसापासून त्याच शिस्तीने चाला. त्यात स्पॅमच्या तक्रारी ०.१ टक्क्याच्या खाली ठेवा आणि ०.३ टक्क्याला कधीही पोचू नका, असं सांगितलंय. छोट्या यादीत हे गणित क्रूर असतं: ३०० मेल पाठवले आणि एकाने स्पॅम म्हटलं की झाले ०.३३ टक्के. एका फेरीवरून कोणी तुम्हाला सुळावर चढवत नाही, पण ‘दोन-तीन तक्रारी तर येणारच’ ही ढिलाई इथे परवडत नाही. जीमेलकडची तुमची पत आणि तक्रारी दाखवणारं गुगलचं पोस्टमास्टर टूल्स जोडून ठेवा. मात्र पाठवणं थोडं असेल तर त्यात आकडे दिसतच नाहीत, त्यामुळे कोरा आलेख बघून खूश होऊ नका.

त्याच नियमांत एका क्लिकचं अनसबस्क्राइबही (यादीतून बाहेर पडणं) आहे. मेलच्या हेडरमध्ये (वाचकाला न दिसणाऱ्या शीर्षभागात) त्याची नोंद असली की जीमेल प्रेषकाच्या नावाशेजारी स्वतःच तसा दुवा दाखवतं. चांगल्या सेवा ही नोंद आपोआप घालतात. विनंती दोन दिवसांत अमलात यायला हवी. मेलच्या तळाशीही ठळक दुवा ठेवा. लॉगिन मागू नका, ‘खरंच जाताय?’ म्हणून अडवू नका. बाहेर पडायचा रस्ता सापडला नाही की माणूस स्पॅमचं बटण दाबतो, आणि ते तुम्हाला कैक पटींनी महाग पडतं.

गेलेल्याचा पत्ता पुसायचा नसतो, तो ‘पाठवू नये’ या वेगळ्या यादीत ठेवायचा. पूर्ण पुसलात तर सहा महिन्यांनी जुनी शीट पुन्हा चढवताना तो माणूस परत आत येतो. सेवा बदलताना लोक हीच यादी मागे विसरतात. नेताना ती आधी न्या.

मजकुराचं बघू. फॉर्म सुरू करण्याआधी तीन मेल लिहून तयार ठेवा. हे उलटं वाटेल, पण पत्ते जमवत राहून पाच महिने गप्प बसणं ही छोट्या दुकानांची नेहमीची चूक आहे. मग पहिला मेल गेला की ‘हे कोण?’ म्हणून तक्रारी. पत्ता पक्का होताच स्वागताचा मेल जावा: जे कबूल केलं होतं ते द्या, आणि पुढे काय, कधी येणार ते सांगा. दुसरा दोन-तीन दिवसांनी, ग्राहक खरेदीआधी सर्वात जास्त विचारतात त्या प्रश्नाचं उत्तर देणारा. हा प्रश्न तुमच्या इनबॉक्समध्ये आधीच पडलेला असतो, कल्पनाशक्ती ताणायची गरज नाही. तिसरा आठवड्याने, एखाद-दोन वस्तूंकडे नेणारा. ज्याने मधल्या काळात खरेदी केली त्याला तिसरा जाऊ नये, अशी अट लावून ठेवा.

प्रत्येक मेलमध्ये वाचकाने करायची गोष्ट एकच असू द्या. विषयओळीचा गाभा पहिल्या पस्तीस-चाळीस अक्षरांत यावा, मोबाइलवर पुढचं कापलं जातं. रुंदी ६०० पिक्सेलच्या आसपास. अख्खा मेल एकाच चित्रात बसवू नका; चित्रं बंद असली की कोरा चौकोन उरतो. साध्या मजकुराची आवृत्तीही बरोबर जाऊ द्या. जीमेल १०२ केबीच्या पुढचा मेल कापतं, आणि कापलं जातं ते तळाचं, म्हणजे नेमका अनसबस्क्राइबचा दुवा. वर्डमधून मजकूर थेट चिकटवला की अदृश्य कचऱ्याने हे वजन वाढतं. देवनागरी अक्षर यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत) तीन बाइट घेतं, त्यामुळे आपल्याला ही मर्यादा इंग्रजीपेक्षा लवकर लागते. आणि प्रेषकाचा पत्ता ‘उत्तर देऊ नका’ छापाचा नको. उत्तर आलं तर ते वाचा. खरेदीला काय आडवं येतंय ते सांगणारी माणसं हीच.

यशाचं माप म्हणून मेल किती जणांनी उघडला हा आकडा आता फसवा झालाय. सप्टेंबर २०२१ पासून ॲपलचं मेल ॲप गोपनीयतेसाठी चित्रं आधीच उतरवून घेतं, त्यात मेल उघडला का ते मोजायला घातलेलं अदृश्य चित्रही येतं, त्यामुळे न उघडलेला मेलही उघडलेला दिसतो. क्लिक, ऑर्डर, उत्तरं आणि किती जण गेले, हे बघा. दोन विषयओळींची तुलना छोट्या यादीवर करून निष्कर्ष काढू नका: १०० पैकी २० विरुद्ध १०० पैकी २४ हा फरक निव्वळ योगायोगाने सहज पडतो. दोन-तीन हजार लोक होईपर्यंत त्यापेक्षा मजकुरावर वेळ घाला.

परत आलेले मेल दोन प्रकारचे. परतीच्या सूचनेतला कोड ५ ने सुरू होत असेल आणि ‘असा पत्ता नाही’ म्हणत असेल तर तो पत्ता तिथल्या तिथे बंद. ४ ने सुरू होत असेल तर अडचण तात्पुरती. सलग तीन फेऱ्यांत तेच झालं तर काढा. ५ चा कोड असून कारण ‘धोरणामुळे नाकारला’ असं असेल तर पत्ता निर्दोष आहे, दोष तुमच्या पतीत किंवा डीएनएसमध्ये शोधा. सहा महिने ज्याने एकही क्लिक, उत्तर किंवा खरेदी केली नाही त्याला ‘चालू ठेवायचं का?’ असा एकच मेल पाठवा आणि गप्प राहिला तर काढून टाका. हा मेल चालतो, कारण त्याची संमती तुमच्याकडे आहेच.

राहिली सेवा. तुमच्या आकाराला नामांकित सेवांपैकी कोणतीही पुरते. स्वतःच्या डोमेनची सही करता येते का, डबल ऑप्ट-इन आणि त्याचा मजकूर बदलता येतो का, ‘पाठवू नये’ यादी वेगळी मिळते का, दुकानाच्या सॉफ्टवेअरशी थेट जुळते का, आणि दर सदस्यसंख्येवर आहे की पाठवलेल्या मेलवर, एवढं बघा. गेलेल्या सदस्यांचेही पैसे मोजणाऱ्या सेवा असतात, ते किंमतपत्रकात बारीक अक्षरात असतं. मेल पाठवायला वेगळा आयपी पत्ता विकत घेऊ नका. थोड्या मेलवर त्याची पत बनतच नाही, सामायिक आयपी तुम्हाला बरा. पैसे भरण्याआधी चाचणी खात्यात दहा पत्ते घालून सगळी माहिती बाहेर काढून बघा. होकाराची तारीख आणि आयपी त्या फाइलमध्ये येत नसतील तर ती सेवा सोडा.

आणि पहिला मेल कधी? तिन्ही नोंदी पास झाल्या, तीन मेल लिहून झाले, फॉर्म लागला, की त्या निवडलेल्या ९० पैकी पहिल्या तीसांना. दोन दिवस परतीचे मेल आणि उत्तरं बघा, मग उरलेल्या साठांना.